समोर कोण होतं?

नागपूरच्या जामठा मैदानावर १७ फेब्रुवारी २०२५ ला मुंबई आणि विदर्भ यांच्यातला रणजी करंडकाचा उपांत्य सामना सुरू होणार होता. आमच्या शिक्षकखोलीत त्याचा निकाल दोन दिवस आधीच लागला होता. मुंबईकडे अजिंक्य रहाणे, सूर्यकुमार यादव, शिवम दुबे आणि आपल्या पालघरचा शार्दुल ठाकूर. विदर्भाच्या अकरांत भारताकडून कसोटी खेळलेला म्हणावा असा एक करुण नायर, तोही मूळचा कर्नाटकचा. बाकीच्यांची नावं आमच्या खोलीत धड कुणाला सांगता येत नव्हती. गणिताचे सर म्हणाले, "खेळायचं कशाला, चषक कुरिअरने पाठवून द्या."

मी फक्त एवढं विचारलं, की हे दोन्ही संघ इथपर्यंत कुणाला हरवून आले? खोलीत जरा शांतता झाली. नावं सगळ्यांना पाठ होती, ती नावं कुणाशी खेळून आली हे कुणी पाहिलं नव्हतं.

बाद फेरीच्या सामन्याआधी आपण नेहमी एकच पारडं बघतो, गुणवत्तेचं. कुणाच्या नावावर किती शतकं, कोण आयपीएलमध्ये किती कोटींना गेला. दुसरं पारडं रिकामंच राहतं. साखळीत या संघाच्या वाट्याला कोण आलं होतं? दमदार आलं की दुबळं? अमेरिकेत कॉलेजच्या फुटबॉलमध्ये म्हणे यावर लोक भांडभांड भांडतात. प्रत्येक कॉलेज वेगळ्या प्रतिस्पर्ध्यांशी खेळतं, मग बाद फेरीत कुणाला घ्यायचं हे ठरवताना नुसते विजय मोजून भागत नाही, विजय कुणावर हेही तोलावं लागतं. आपल्याकडे रणजीत हेच घडतं, पण आपण त्यावर भांडत नाही. भांडायला हवं.

आधी हिशेब मांडू. २०२४-२५ च्या हंगामात एकूण ३८ संघ होते. त्यातले ३२ एलिटमध्ये, आठ-आठच्या चार गटांत. उरलेले सहा प्लेटमध्ये. एलिटच्या प्रत्येक गटातले पहिले दोन उपांत्यपूर्व फेरीत. सामना जिंकला की ६ गुण. डावाने किंवा १० गडी राखून जिंकला की एक जादा, म्हणजे ७. अनिर्णित राहिला तर पहिल्या डावात आघाडी घेणाऱ्याला ३, दुसऱ्याला १. या गुणांना समोर कोण होतं याच्याशी काही देणंघेणं नाही. बडोद्याला हरवा नाहीतर मेघालयला, सहा म्हणजे सहाच.

मुंबईचे त्या साखळीत २९ गुण झाले. हे २९ जरा सोलून बघा. हंगामाची सुरुवातच बडोद्याकडून ८४ धावांनी पराभवाने झाली. महाराष्ट्र, ओडिशा आणि सेनादलाला हरवलं, त्रिपुराविरुद्ध सामना अनिर्णित. मग जानेवारीत वांद्रे-कुर्ला संकुलाच्या मैदानावर आला जम्मू-काश्मीरचा संघ. त्या सामन्यात मुंबईकडून रोहित शर्मा, यशस्वी जैस्वाल, रहाणे, श्रेयस अय्यर, शिवम दुबे, शार्दुल असे सगळे एकदम उतरले होते. गुणवत्तेचं पारडं जमिनीला टेकलं होतं म्हणा ना. पहिल्या डावात मुंबई १२० वर आटोपली, त्यातल्या ५१ एकट्या शार्दुलच्या. दुसऱ्या डावात ७ बाद १०१ अशी अवस्था असताना शार्दुल आणि तनुष कोटियन यांनी १८४ धावांची भागीदारी केली. शार्दुलने ११९ काढल्या. तरीही जम्मू-काश्मीर ५ गडी राखून जिंकलं. पुलवामाच्या उंचपुऱ्या उमर नझीरने पहिल्या डावात चार बळी घेतले, त्यात रोहितही होता.

यानंतर मुंबईला शेवटचा सामना जिंकायचा होता, तोही जादा गुणासकट. आणि समोर आलं मेघालय. शार्दुलने हॅटट्रिक घेतली, २ धावांत ६ गडी गेले, सगळा संघ ८६ वर बाद. मुंबईने ७ बाद ६७१ वर डाव घोषित केला आणि एक डाव व ४५६ धावांनी सामना जिंकला. सात गुण खिशात आले आणि बडोद्याला मागे टाकून मुंबई बाद फेरीत. मेघालय गटात तळाला राहिलं आणि पुढच्या हंगामासाठी प्लेटमध्ये गेलं.

आता त्याच शार्दुलचे हे दोन सामने शेजारी ठेवा. मेघालयविरुद्धची हॅटट्रिक वर्तमानपत्रांत मोठ्या अक्षरांत आली, पालघर स्टेशनबाहेरच्या चहाच्या टपरीवर तिचीच चर्चा. पण मला विचाराल तर ७ बाद १०१ वरून काढलेल्या त्या ११९ धावा दहा हॅटट्रिकना भारी आहेत. तो सामना मुंबई हरली म्हणून त्या धावांची किंमत कमी होत नाही, उलट वाढते. समोर असा गोलंदाज होता ज्याने रोहितला स्वस्तात घालवलं होतं.

विदर्भाचा रस्ता वेगळा होता. त्यांच्या गटात राजस्थान, गुजरात, हैदराबाद, हिमाचल, आंध्र, उत्तराखंड आणि पुदुच्चेरी. सातपैकी सहा जिंकले, ४० गुण. एक सामना जिंकता आला नाही, तो गुजरातविरुद्धचा. याच गुजरातने पुढे उपांत्य फेरी गाठली आणि केरळसमोर पहिल्या डावात फक्त दोन धावांनी, ४५७ विरुद्ध ४५५, मागे पडून बाहेर गेला. म्हणजे विदर्भ ज्या गटातून आला त्याचे दोन्ही संघ शेवटच्या चारांत पोचले. मुंबईच्या गटातलं जम्मू-काश्मीरही काही कमी नव्हतं; पुण्यात केरळविरुद्ध पहिल्या डावात एका धावेची आघाडी केरळला मिळाली, नाहीतर तेही तिथे असते. त्यामुळे विदर्भाचा गट फार अवघड आणि मुंबईचा फार सोपा, असं मी म्हणत नाही. मी म्हणतो ते इतकंच, की मुंबईच्या वाट्याला जे दोन कडक पेपर आले, बडोदा आणि जम्मू-काश्मीर, त्या दोन्हींत मुंबई नापास झाली होती. विदर्भ एकाही पेपरात नापास झालेला नव्हता, आणि उपांत्यपूर्व फेरीत तमिळनाडूला १९८ धावांनी हरवून आला होता. मुंबईने तिथे हरियाणाला १५२ धावांनी हरवलं होतं, शार्दुलने पहिल्या डावात सहा बळी घेतले होते, हेही पारड्यात टाकायलाच हवं.

सामन्यात काय झालं हे आता सगळ्यांना ठाऊक आहे. विदर्भ ३८३ आणि २९२. मुंबई २७० आणि ३२५. विदर्भ ८० धावांनी विजयी. पार्थ रेखडे या नवख्या फिरकीपटूने एकाच षटकात रहाणे, सूर्यकुमार आणि दुबे या तिघांना परत पाठवलं. यश राठोडने दुसऱ्या डावात १५१ काढल्या. शार्दुल शेवटच्या दिवशी ६६ करून लढला. पुढे केरळविरुद्ध पहिल्या डावाच्या आघाडीवर विदर्भाने तिसऱ्यांदा करंडक घेतला.

निकाल माझ्या बाजूने लागला म्हणून मी हे लिहीत नाही. एका सामन्याने काहीच सिद्ध होत नाही. त्याच्या आदल्याच वर्षी, मार्च २०२४ मध्ये, वानखेडेवर अंतिम सामन्यात याच विदर्भाला मुंबईने १६९ धावांनी हरवून ४२ वा करंडक घेतला होता. मला टोचतं ते दुसरंच. समोर कोण होतं हा प्रश्न न विचारता आपण लोकांना डोक्यावर घेतो, आणि तोच प्रश्न न विचारता त्यांना खाली आपटतोही.

डोक्यावर घेण्याची उदाहरणं ढिगाने आहेत. जानेवारी २०१६ मध्ये कल्याणच्या प्रणव धनावडेने शालेय सामन्यात नाबाद १००९ धावा केल्या. रिक्षाचालकाचा मुलगा, जगातली सर्वांत मोठी खेळी. आठवडाभर कॅमेरे त्याच्या घरासमोर. त्याच्या शाळेने ३ बाद १४६५ केल्या होत्या. समोरची शाळा दोन डावांत ३१ आणि ५२ वर आटोपली. हे दोन आकडे बातमीत शेवटी कुठेतरी असायचे. पुढे तो मुलगा धडपडला तेव्हा तेच लोक म्हणाले, दम नव्हता. अरे, दम होता की नव्हता हे कळायला त्याला बरोबरीच्या गोलंदाजांसमोर पाच-दहा सामने नको का मिळायला? ३२७ चेंडू कंटाळा न करता खेळणारं पोर काही साधं नसतं. पण त्या खेळीतून त्याचा कंटाळा न येण्याचा गुण कळला, वेगवान चेंडू कसा खेळतो ते कळलं नाही. जे कळलं नाही तेच कळलं असं धरून आपण ढोल वाजवले.

रणजीच्या प्लेट गटात हे दरवर्षी होतं. २०१८-१९ मध्ये सिक्कीमकडून मिलिंद कुमारने १३३१ धावा काढल्या. भारतीय संघाचं दार काही उघडलं नाही, पुढे तो अमेरिकेच्या संघाकडून खेळला. त्याच हंगामात बिहारच्या आशुतोष अमनने ६८ बळी घेऊन बिशनसिंग बेदींचा ६४ बळींचा जुना विक्रम मोडला. फेब्रुवारी २०२२ मध्ये बिहारच्याच साकिबुल गनीने प्रथम श्रेणीच्या पदार्पणात ३४१ धावा केल्या, मिझोरामविरुद्ध. बोईसरच्या एमआयडीसीत बिहारची बरीच कुटुंबं आहेत, त्यांची मुलं माझ्या वर्गात येतात. त्या आठवड्यात ती छाती काढून फिरत होती आणि मला ते आवडलंही. नोव्हेंबर २०२४ मध्ये गोव्याच्या कश्यप बखले आणि स्नेहल कवठणकर यांनी पर्वरीला अरुणाचलविरुद्ध नाबाद ६०६ धावांची भागीदारी केली, एक ३००, दुसरा ३१४. गोवा २ बाद ७२७; अरुणाचल ८४ आणि ९२.

मराठीत याला आपण वासरांत लंगडी गाय शहाणी म्हणतो. उर्दूत अंधों में काना राजा. दोन्ही म्हणी मी शिकवतो आणि दोन्ही शिकवताना जरा अडखळतो. कारण त्या शहाणी आणि राजाला हसतात. गाईला वासरांत कुणी बांधलं, ते कुणी विचारत नाही.

हर्ष दुबेने २०२४-२५ मध्ये विदर्भाकडून ६९ बळी घेतले आणि अमनचा ६८ चा विक्रम एका बळीने मोडला. आकड्यात अंतर एकाचं. पण दुबेचे बळी एलिटमध्ये आणि थेट अंतिम सामन्यापर्यंत घेतलेले आहेत. म्हणून अमनचे ६८ खोटे का? नाहीत. त्याच्यासमोर जे उभे राहिले त्यांना त्याने बाद केलं. वेळापत्रक त्याने तयार केलं नव्हतं.

खाली आपटण्याची उदाहरणं याहून वाईट आहेत. काही वर्षं अशी पद्धत होती, की प्लेट गटातला अव्वल संघ थेट बाद फेरीत पाठवायचा. जानेवारी २०१९ मध्ये उत्तराखंड असाच उपांत्यपूर्व फेरीत पोचला, समोर गतविजेता विदर्भ. वसीम जाफरने, चाळिशीतल्या वसीमभाईने, २०६ काढल्या, विदर्भ ६२९, आणि उत्तराखंड एक डाव ११५ धावांनी गारद. पुढच्या वर्षी गोवा. डहाणूच्या पुढे गाडीने गेलं की लागतं ते वलसाड, तिथे गुजरातने गोव्याला ४६४ धावांनी हरवलं. मार्च २०२२ मध्ये नागालँडसमोर झारखंडने ८८० धावा केल्या, फॉलोऑन न देता पुन्हा फलंदाजी केली आणि एकूण आघाडी १००८ वर नेऊन सामना अनिर्णित सोडला. त्याच वर्षी जूनमध्ये मुंबईने उत्तराखंडला उपांत्यपूर्व सामन्यात ७२५ धावांनी हरवलं, प्रथम श्रेणी क्रिकेटमधला धावांच्या हिशेबाने सर्वांत मोठा विजय. सुवेद पारकरने पदार्पणात २५२, सर्फराज खानने १५३.

प्रत्येक वेळी टीव्हीवरचे जाणते एकच वाक्य बोलले: हे संघ या पातळीचे नाहीतच. बरोबर, नव्हते. पण पातळी येते कुठून? अख्खा हंगाम दुबळ्यांशी खेळायला लावायचं आणि मग एका सकाळी थेट उमेश यादवसमोर उभं करायचं. ही कसली परीक्षा? पोहायला शिकवायचं गुडघाभर पाण्यात आणि परीक्षा घ्यायची तारापूरच्या किनाऱ्यावर, भरतीला.

उलट जम्मू-काश्मीर बघा. २०१४ च्या सप्टेंबरात श्रीनगर पुराखाली होतं, त्यांचं मैदान पाण्यात गेलं होतं. त्याच डिसेंबरात परवेझ रसूलच्या संघाने वानखेडेवर ४० वेळच्या विजेत्या मुंबईला ४ गडी राखून हरवलं. लोक म्हणाले, अपघात. दहा वर्षांनी पुन्हा मुंबईतच हरवलं. मधल्या काळात ते किती सामने हरले असतील! पण हरले ते मोठ्यांशी. मोठ्यांशी हरणं हीसुद्धा एक शिकवणी आहे आणि तिची फी लहान संघच भरतात.

विदर्भाचंही तेच. अनेक दशकं त्यांना कुणी मोजत नव्हतं. २०१५-१६ मध्ये वसीम जाफर मुंबई सोडून तिकडे गेला. पुढे मुंबईचेच चंद्रकांत पंडित प्रशिक्षक म्हणून गेले आणि २०१७-१८, २०१८-१९ असे लागोपाठ दोन करंडक आले. जाफर निव्वळ धावा घेऊन गेला नव्हता. रोज सरावात समोर कोण आहे, हा प्रश्न त्याने तिथल्या पोरांसाठी बदलला. झहीर खान याच्या उलट वाटेने गेला. श्रीरामपूरचा मुलगा मुंबईत आला, मुंबईच्या संघात जागा मिळेना, तर बडोद्याकडे गेला, कारण तिथे सामने मिळत होते. त्या बडोद्याने २००० -०१ चा करंडक जिंकला.

आणि आपला शार्दुल. पालघरमध्ये त्याच्याबद्दल बोलताना लोकलचा उल्लेख झाल्याशिवाय राहत नाही. पण एक गोष्ट नव्या पोरांना माहीत नसते. डहाणूपर्यंत लोकल आली एप्रिल २०१३ मध्ये. शार्दुलचं रणजी पदार्पण त्याआधीच, २०१२ च्या नोव्हेंबरात झालं होतं. म्हणजे ज्या वर्षांत त्याने नव्वद किलोमीटरच्या आसपासचा रस्ता किटबॅग घेऊन तुडवला, त्या वर्षांत शटल आणि लांब पल्ल्याच्या गाड्यांत लटकणं हाच मार्ग होता. तो बोईसरच्या शाळेकडून खेळत असताना बोरिवलीच्या स्वामी विवेकानंद शाळेचे प्रशिक्षक दिनेश लाड यांनी त्याला हेरलं. रोहित शर्माही त्यांचाच. लाड सरांनी शार्दुलला आपल्या शाळेत घेतलं, घरी ठेवून घेतलं. पुढे हॅरिस शिल्डच्या सामन्यात त्याने एका षटकात सहा षटकार मारले.

लाड सरांनी त्याला गुणवत्ता दिली का? ती तर तो पालघरहून घेऊन गेला होता. त्यांनी त्याला वेळापत्रक दिलं. हॅरिस शिल्ड खेळणारी शाळा, रोज समोर मुंबईची पोरं, सकाळी सहाला मैदान. बोईसरला राहून त्याने किती धावा केल्या असत्या तरी त्या बोईसरच्याच धावा राहिल्या असत्या.

इथे मी माझ्या कामावर येतो, कारण हे सगळं मला क्रिकेटसाठी सुचलेलं नाही. मी उर्दू माध्यमाच्या मुलांना उर्दू आणि मराठी शिकवतो. दरवर्षी जूनच्या सुमारास मोहल्ल्यात सत्काराचे फलक लागतात. ८८ टक्के, ९१ टक्के. मुलीच जास्त असतात, त्यांचा मला अभिमान आहे. फलकावर टक्के असतात, समोर कोण होतं ते नसतं. हीच मुलगी जुलैमध्ये अकरावी विज्ञानला जाते. इथपर्यंत तिला त्रिकोण मुसल्लस म्हणून भेटलेला असतो, आता तो ट्रँगल म्हणून भेटतो, आणि शिकवणारा तो इंग्रजीत सांगून पुढे निघूनही जातो. शेजारच्या बाकावरची मुलं आठवीपासून शिकवणीत प्रवेश परीक्षेचे प्रश्न सोडवत आलेली असतात. पहिल्या चाचणीत ४० पैकी ११. घरी कुणीतरी मामू म्हणतो, पाहिलंस, उर्दू शाळेचे मार्क फुगवलेलेच असतात. महाविद्यालयात कुणी म्हणतं, ही मुलं या पातळीची नाहीतच. नागालँडबद्दल जे बोललं गेलं तेच, अक्षर न बदलता.

दोघांचंही मला पटत नाही. तिचे ९१ टक्के फुगवलेले नव्हते. समोर जो पेपर आला तो तिने पूर्ण सोडवला. आणि ११ गुण ही तिची अक्कल नाही, तिच्या वेळापत्रकाची उंची आहे. अशा वेळी घरचे घाईने शाखा बदलतात, मुलीचं असेल तर शिक्षणच थांबवतात. एका चाचणीवरून. बाद फेरीचा एक सामना आणि खेळ खलास.

आपल्याकडच्या मंडळींचंही मला एक सांगायचं आहे. आपल्यातल्याच स्पर्धा, आपल्यातलेच बक्षीस समारंभ, आपल्यातलाच पहिला नंबर, यात एक ऊब असते. त्या उबेला मी नावं ठेवत नाही, पोरांना टाळ्या हव्याच असतात. बोईसरला टेनिस बॉलच्या रात्रीच्या स्पर्धांत माझा एक माजी विद्यार्थी तीन वर्षं सामनावीर होता. मोटारसायकल जिंकली होती त्याने. विसाव्या वर्षी तो मुंबईत एका निवड चाचणीला गेला, लेदर बॉलसमोर सहा चेंडू मिळाले, दोन हुकले, परत आला. आता कारखान्यात सुपरवायझर आहे, खाऊनपिऊन सुखी आहे. तो मला म्हणाला, "सर, सहा चेंडूंत काय दिसतं?" काही दिसत नाही बेटा. पण विसाव्या वर्षापर्यंत तुला एकही लेदर बॉल कुणी टाकला नाही, हे दिसतं.

मग करायचं काय? मला मोठे उपाय सुचत नाहीत, मास्तरकीतले छोटे सुचतात. बाद फेरीच्या खूप आधी, हरल्याने काही बिघडत नाही अशा वेळी, जड सामने खेळायला लावायचे. आठवीपासून मी फळ्यावर तीन शब्द लिहितो, मुसल्लस, त्रिकोण, ट्रँगल, आणि विज्ञानाच्या मॅडमही आता तसंच करतात. दिवाळीनंतर नववीला इंग्रजी माध्यमाच्या शाळेची प्रश्नपत्रिका देतो, गुण वहीत चढवत नाही. मुलं चिडतात. पालक विचारतात, सर, मुद्दाम नापास का करता? मी सांगतो, गुण कुठेच जाणार नाहीत, इन्शाअल्लाह दहावीला वसूल होतील. काहींना पटतं, काही मुख्याध्यापकांकडे जातात. गेल्या वर्षी पालघरच्या एका मराठी शाळेबरोबर आम्ही वक्तृत्वाची अदलाबदल केली: त्यांची मुलं उर्दूत चार वाक्यं बोलली, आमची मराठीत पाच मिनिटं. आमच्यातला जो आपल्या शाळेत कायम पहिला येतो तो तिथे चौथा आला. घरी जाताना रिक्षात तो गप्प होता, आणि दुसऱ्या दिवशी पहिल्या आलेल्या मुलीने कोणती पुस्तकं वाचली ते विचारत माझ्याकडे आला.

क्रिकेटवाल्यांनीही असंच काही करावं. प्लेटमधल्या संघांना जानेवारीतल्या एका कत्तलीसाठी वर आणण्याऐवजी सप्टेंबरात, ऑक्टोबरात एलिट संघांबरोबर सराव सामने द्यावेत. गुणतक्त्यात विजयाबरोबर प्रतिस्पर्ध्याचं वजनही मोजावं. हा काही अवघड हिशेब नाही, आमचे गणिताचे सर एका तासात करून देतील. निदान समालोचकांनी ६०६ ची भागीदारी सांगताना त्याच श्वासात ८४ आणि ९२ सांगावेत. म्हणजे बखले-कवठणकरांचा अपमान होणार नाही आणि अरुणाचलच्या पोरांना गेल्या वर्षभरात किती सामने मिळाले हेही कुणीतरी विचारेल.

गोवा आणि नागालँड त्या हंगामातून वर आले, २०२५-२६ साठी एलिटमध्ये. बखले आणि कवठणकर यांच्यासमोर आता कर्नाटक, पंजाब, सौराष्ट्र आणि महाराष्ट्र. तिथे कुणी ४० धावा केल्या तरी मी त्या वहीत ३१४ च्या वर लिहून ठेवणार आहे. गणिताच्या सरांना हे अजून मान्य नाही.